दोघायच्या दशम्या

मंगरूळपीर, माघ वद्य तृतीया, दिवेलागण

सकाळी बैलाची दमणी टेसनाकडे गेली अन् मी वट्ट्यावरच राह्यली.

दिल्लीले देशोदेशीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आहे. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात, त्यायले जायचंच होतं. दिवाळीपासून मले म्हणून राह्यले होते, "तू भिंतीवर इतके नाग काढतं, तिथं साऱ्या जगाचे रंग पाह्यजो." काल म्हणाले, "दोघायच्या दशम्या कर." दुसरी मीच, असं धरलं ना मी! पाण्यात भिजवलेल्या पोळ्या आगगाडीत शिवाशिवीनं विटाळतात, म्हणून सारी कणीक दुधात भिजवली. माझं लुगडंही ट्रंकेत घातलं.

अन् आज दमणीत चढले कोण, तर धाकटे दीर! त्यायले चित्रातलं काय समजते?

मी विचारलं, "अन् मी?"

हे म्हणाले, "बाईमाणसाचं तिथं काय काम?"

मंग आधी काहून नाही सांगतलं? दशम्या होऊ द्यायच्या होत्या?

ह्यायनं माझं लुगडं ट्रंकेतून काढून माझ्याच हातात देलं. शिदोरी मात्र जपून मांडीवर घेतली.

आत्ता सासूबाईनं विचारलं, "पुरतीन ना व दशम्या दोघायले?"

"पुरतीन," म्हटलं. माझ्या वाट्याच्याही त्यातच आहेत.