सातवं बोट

रविवार, १४ डिसेंबर, संध्याकाळ

सुप्याजवळच्या जुन्या दगडखाणीत आज आम्ही लेकीला, सईला घेऊन गेलो. खाणीत पाणी साठलंय, तिथे बारा महिने बोटिंग चालतं, आता झिपलाइनही येतेय. मामंजी तरुणपणी त्याच खाणीत सुरुंग लावायचे, म्हणून हौसेने आले. कड्यावर ड्रिल दिसलं आणि ते थबकले.

"शेवटच्या दिशी सात वाती पेटवल्या हुत्या. आवाज सहाच आलं."

वात पेटवणारा एकेक बोट मिटत आवाज मोजायचा. एक जरी कमी आला तरी खाली कोणी उतरायचं नाही आणि न फुटलेल्या भोकाला लाल रंग लावायचा. मामंजींनी तो लावला होता. मग खाणच बंद पडली.

मॅनेजर हसला. "लाल खूण होय? तिथं आयतं भोक मिळालं, काका. उद्या सकाळी तेच खोल करून खांब बसवतोय."

मीही हसले. का हसले?

आता तो फोन उचलत नाही. पोलिसांना सांगावं तर काय सांगू, म्हाताऱ्याचं बोट?

मामंजी जेवले नाहीत. ओसरीवर बसलेत. सहा बोटं मिटलेली, सातवं अजून उघडं.