सिताआजीचे सहा दात

लोहारा,
दि. १० एप्रिल २०२५

प्रिय राजपालदादा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून आधी तू हसशील आणि दीक्षावहिनीला हाक मारून म्हणशील, बघ, आमची पौर्णिमा पत्र लिहायला लागली. हसून घे. फोनवर तुझ्यापुढं माझं एक वाक्य पुरं होत नाही. अर्ध्यातच तू ‘व्हय गं, माहितंय मला’ म्हणतोस आणि विषय तुझ्या हातात जातो. कागदाला तसं मधेच तोडता येत नाही.

मोठीआईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, बसस्टँडजवळच्या त्या तेलवाल्याच्या नादी लागू नको. सख्ख्या पोराचा दवाखाना असून ती औषध मात्र फुटपाथवरून घेते.

मी महिनाभर इथं लोहाऱ्यात आमच्या कॉलेजच्या केंद्रावर आहे. दोन खोल्या, दोन खुर्च्या, एक पंखा. पंखा लावला की दात रचायचं मेण लगेच कडक होतं, बंद केला की मीच वितळते. सकाळी जीप भरून म्हातारी माणसं येतात. आपल्या माकणीचं कुणी आलं की आधी माझ्या घरच्यांची चौकशी, मग स्वतःच्या तोंडाची. एकीनं तर तोंडात मापाची वाटी असताना मला स्थळ सुचवायचा प्रयत्न केला. काय म्हणाली ते कळलं नाही, हे बरंच झालं.

सगळे विचारतात, डॉक्टरीणबाई, किळस येत नाही का? तुला आठवत असेल, लहानपणी म्हशीच्या तोंडाचा फेस हाताला लागला तर मी दिवसभर जेवायची नाही, आणि तू मुद्दाम तो माझ्या फ्रॉकला पुसायचास. आता मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्या, गालात विसरलेली तंबाखूची गोळी, वर्षभर न धुतलेली कवळी आणि तिच्याखालचा तो पांढरा थर, यातलं काहीही बघते आणि हात धुऊन भाकरी खाते. तोंडाची किळस कधीच गेली. दुसरीच एक यायला लागली आहे आणि ती हात धुऊन जात नाही.

तू बीडीएस करून थेट दवाखाना टाकलास, त्यामुळं आमच्या एमडीएसच्या शेवटच्या वर्षाचा तमाशा तुला माहीत नाही. कवळ्यांच्या परीक्षेला प्रत्येकाला आपला पेशंट न्यावा लागतो, आणि त्याच्या तोंडात एकही दात नसावा लागतो. माप घेण्यापासून कवळी बसवण्यापर्यंत सगळं परीक्षकांच्या समोर. पेशंटच्या हिरडीचा बांध उंच असला की कवळी घट्ट बसते आणि पोरगं पास होतं. बांध सपाट असला की कवळी तोंडात नाचते. बैलबाजारात दात बघून भाव करतात, आमच्याकडं दात नाहीत हे बघून. माझ्याबरोबरच्या एकानं दुसऱ्याचे पेशंट आजोबा लस्सी पाजून पळवले. सपाट बांधाची माणसं मात्र ‘मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात या’ असं सांगून परत पाठवतात. कवळीच्या मापाला कसलं मशीन लागतं रे? पण ती बिचारी खरं मानून पुढच्या महिन्यात परत येतात.

घरी आले की मी हेच रडगाणं गायची, पेशंट मिळेना, पेशंट मिळेना. तू ऐकत होतास.

आता सिताआजी. एवढा वेळ मी तिलाच टाळत लिहिते आहे.

तुला तिची ओळख करून द्यायची गरज नाही, पण मला लिहावंसं वाटतं. आपल्या माकणीची, शेळ्यांवाली सिताआजी. वरचे दात केव्हाच गेलेले, खाली समोर सहा उरलेले. त्या सहा दातांवर ओठ दुमडायची, दोन बोटं लावायची आणि अशी शिट्टी मारायची की धरणाच्या काठाला उतरलेल्या शेळ्या माना वळवून माघारी यायच्या. तू अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तिच्यामागं फिरून ती शिट्टी शिकत होतास. तुझ्या तोंडून थुंकीशिवाय काही निघालं नाही, आणि आजी हसून हसून बांधावर बसली होती.

डिसेंबरात ती तुळजापूरला दर्शनाला आली. कडेच्या हिरडीवर फोड आला होता म्हणून तुझ्या दवाखान्यात शिरली. पाटीवर सरवदे बघून शिरली, आपल्या गावचा पोरगा म्हणून. संध्याकाळी तुझा फोन आला. तुझे शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत. “पौर्णिमे, तुझी परीक्षेची केस तयार केली बघ. सिताआजी. प्लॉट मोकळा करून दिलाय, आता तू बांध बंगला.” मला वाटलं, म्हातारपण आहे, दात हलायला लागले असतील, दुखत असतील. मी तुला थँक्यू म्हणाले.

मार्चमध्ये जखमा भरल्यावर ती माझ्याकडं आली. खुर्चीत बसायच्या आधी तिनं पदराची गाठ सोडली. आत चिंधीत गुंडाळलेले तिचे सहा दात. तुझ्याकडून मागून घेतले होते म्हणे. पोराचा पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून घरावर टाकतात, नवा येतो, मग हे म्हातारीचे कुठं टाकायचे, असं ती मला विचारत होती. तिला चेष्टा करायची होती. मी ते दात खिडकीशी नेऊन बघितले. मुळं लांब, सरळ. कीड कुठंच नाही. एकाला हाडाचा कपचा तसाच चिकटलेला होता. हलणारा दात हाड उपटून आणत नाही, दादा. हे शिकायला एमडीएस करावं लागत नाही.

मी तिला विचारलं, दुखत होते का. “न्हाय गं,” ती म्हणाली. “राजपाल म्हनला, समदे किडलेत, काढू. पौर्णिमा नवे देईल फुकाट. तुजं नाव घेतलं म्हनून म्या तोंड उघडलं.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांनी, म्हशीचा फेस लागल्यासारखं.

तिला तपासायला आमचे विभागप्रमुख आले होते. त्यांनी तिच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा, काय सुंदर बांध आहे. दात नुकतेच गेले की बांध उंच असतोच, हाड झिजायला वेळ मिळालेला नसतो. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, दातांची पुडीसुद्धा दाखवली. त्यांनी पुडीकडं बघितलं नाही. “परीक्षक तोंड बघतात, तोंडाचा इतिहास नाही,” असं म्हणून ते हात पुसत निघून गेले. पहिल्या वर्षी याच माणसानं आम्हाला पहिला धडा दिला होता की गेलेलं बसवण्याआधी उरलेलं जपा. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याभोवती चौकट काढली होती. येडी.

मग मी तुला फोन केला. आठवतंय? तू चिडलासही नाहीस. म्हणालास, “कितीक दिस टिकनार हुते गं ते? तिला फुकट कवळी, तुला केस. कुनाचं काय गेलं?” आणि मग जयंतीला दवाखान्यावर लावायची नवी पाटी रंगवायला टाकली आहे, त्यावर तुझ्या खाली माझं नाव येणार, असं सांगायला लागलास. परीक्षा व्हायच्या आधीच माझ्या नावापुढं एमडीएस. तू इतका खुश होतास की मी फोन ठेवून दिला.

दादा, मला तुझी किळस आली. हे वाक्य मी खोडणार नाही. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तक्रार करून मोकळी झाले असते. प्रवेश परीक्षेच्या वेळी पावसात मला मोटारसायकलवर नेणारा तू, वसतिगृहात मी रडले तेव्हा एसटीनं येऊन बाहेरच्या बाकड्यावर डबा घेऊन बसणारा तू. त्याच हातांनी चिमटा धरलास आणि तो माझ्यावरच्या मायेनं धरलास. ही माया मला अंगावर पाल पडल्यासारखी झटकावीशी वाटते.

परीक्षेची वाट न बघता काल आजीला कवळी दिली. माझ्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तिनं आरशात बघितलं, लाजली, सोबतच्या बाईनं आणलेला भाकरीचा तुकडा चावला. मग आपसूक तिची दोन बोटं तोंडाकडं गेली. ओठ दुमडला, फुंकर मारली. खालची कवळी उचलून जिभेवर आली आणि नुसतं फुस्स झालं. बाकड्यावरची माणसं हसली. आजीही हसली. कवळी परत बसवून तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

खालची कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते, तिला मुळं नसतात. फुंकर मारली की ती उठणारच. मी कितीही शिकले तरी तिला शिट्टी देऊ शकणार नाही.

माणसं गेल्यावर मी आजीला सांगितलं. दात चांगले होते, काढायची गरज नव्हती, माझ्या परीक्षेसाठी काढले गेले. ती ओरडेल, शिव्या देईल म्हणून मी तयार होते.

“मंग मागायचं हुतं की,” ती म्हणाली. “माज्या गावची पोर परीक्षेला बसती म्हनल्यावर दिलं असतं एखांदं. शिट्टीपुरतं ठिवून दिलं असतं. चोरायचं कशाला?”

मी म्हणाले, आजी, तुला तक्रार करायची असेल तर मी सोबत येते, माझ्या तोंडानं सगळं सांगते. ती म्हणाली, इचार करते, आदी शेळ्या कशा वळवायच्या त्ये बघू दे. उठताना तिनं पुडी माझ्या हातात दिली. “ही त्याला दे. त्यानंच उपटलेत, त्यालाच ठिवू दे.”

परीक्षेला मी सिताआजीला नेणार नाही. पार्वतम्मा म्हणून सीमेकडच्या गावातल्या एक आजी आहेत, अर्धं कानडी बोलतात. त्यांचा खालचा बांध तळहातासारखा सपाट आहे आणि त्यांना चार वेळा मशीन बंद असल्याचं सांगून झालं आहे. त्यांना नेते आहे. सर म्हणाले, नापास व्हायचं ठरवलंच असेल तर मी काय करणार. होईनही नापास. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आईला हे अजून माहीत नाही, तू सांगू नकोस, मी सांगेन.

जयंतीला मी येणार नाही. पाटीवरचं माझं नाव पुसून टाक. पास झाले तरी ते तिथं येणार नाही. तुला मला परत बघायचं असेल तर आधी माकणीला जा. सिताआजीच्या दारात खाली बस आणि जे केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. ‘सॉरी’ म्हणून उठू नकोस. ती उठ म्हणेल तेव्हाच उठ.

सोबत पुडी पाठवते आहे. उघडताना हातमोजे घालायची गरज नाही. मी स्वतः धुतलेत आणि उन्हात एकेक धरून बघितलेत. एकालाही कीड नाही.

आधी सिताआजीची नात,
मग तुझी बहीण,
पौर्णिमा