पदर हलला की प्लग काढायचा

नाशिक
९ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांस,
मयुरीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. शेजारच्या कडूबाने कळवलं की तुम्ही धड जेवत नाही आणि ट्रॅक्टरचे चारही प्लग समोर मांडून दिवसभर बसून असता. आईला जाऊन महिना झाला. पुन्हा विनवते, इकडे राहायला या. तुमच्या नातीने, अर्पिताने, तिची अर्धी खोली आपण होऊन रिकामी केली आहे.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी चारचौघांत म्हणाले की, गावच्या वामनरावांनी भंगारात टाकलेला रॉकेलचा ट्रॅक्टर तुम्ही आणलात, त्यानेच तुमचे कान घालवले, आता तरी तो विका. तुम्ही उठून गेलात. मी तुम्हाला बोलावते ते तुमच्यासाठी, की मला इथे झोप लागावी म्हणून? रोज डायरीत दोन्ही लिहून पाहते. दोन्ही खरं वाटतं.

उत्तर लवकर पाठवा. माया आहे ती असू द्या.
तुमची,
मयुरी


अमडापूर
१६ नोव्हेंबर

चि. मयुरीस,
अ. उ. आ. व जय भीम.

तुहं पत्र भेटलं. अक्षर एवढं बारीक काऊन काढतं? मले वाटलं कागदावर मुंग्या चढल्या, झटकूनच टाकत होतो. जावाईबापूले जय भीम सांगजो.

कडूबाले चुगल्या कराची सवयच हाय. जेवतो मी. भाकर जमते, भाजीत मीठ दोनदा पडते एवढंच.

ट्रॅक्टर मिस मारून राह्यला. प्लग काढले, काजळी खरवडली, लोखंड कापाच्या आरीचं पातं दोन टोकांच्या मधात सरकवून गॅप लावला. पातं ना ढिलं जावं, ना अडावं. पण पुढचं काम एकट्याचं नाही. तू लहानपणापासून पाह्यलं. चालू इंजिनावर मी लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेका प्लगची वायर उचलो अन् तुही माय समोर उभी राहून ऐके. वायर उचलून बी आवाजात फरक नाही पडला, तं तोच प्लग नासका. तिनं पदर हलवला का मी तो काढो. आता मले कोण सांगन?

ट्रॅक्टर चालल्याबिगर हरभरा पेरता येत नाही, अन् पेरल्याबिगर मी घर सोडत नाही. मंग येतो का नाही, ते पाहू. अर्पिताले सांगजो, खोली भरून टाक.

तब्येतीले जपजो.
तुहा बाप,
पुंजाजी


नाशिक
२२ नोव्हेंबर

ती. अप्पांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मी रजा टाकली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते आणि आईच्या जागी उभी राहते. ‘आईच्या जागी’ हे शब्द खोडून पुन्हा लिहिले. दुसरे सापडले नाहीत. आई चिडवायची, ‘माझ्या नवऱ्याला माझी आठवण इंजिन बिघडल्यावरच येते.’ ते म्हणताना ती हात पुसत निघालेली असायची.

एक गोष्ट आधीच सांगते. ट्रॅक्टर नीट चालतोय म्हटलं तर तुम्ही पेराल आणि तिथेच राहाल. बिघाड सापडतच नाही म्हटलं तर कदाचित माझ्याबरोबर याल. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणजे मी म्हणेन तेच खरं. या विचाराने माझीच मला भीती वाटते. तरी जे ऐकू येईल तेच सांगेन. मग तुम्ही राहिलात तरी चालेल.

माझ्यावर विश्वास असावा.
तुमची,
मयुरी


अमडापूर
२९ नोव्हेंबर

चि. मयुरीस,
अ. उ. आ.

ऐकाले येऊ नोको बाई. मागच्या पत्रात मी खोटं लिव्हलं.

तुह्या मायले दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. तिच्या मांगं पाण्याचा पितळी गंज पडला तरी ती वळे नाही. तिनं मले सांगतलं नाही. तिले वाटे, आपले बी कान गेले म्हटल्यावर हा माणूस ट्रॅक्टरजवळ एकटा पडन. मंग मी बी बोललो नाही. ती कोणत्याबी प्लगले पदर हलवे. मी तोच काढो, पुसो, गॅप पाहो, परत लावो. खराब प्लग मले पह्यलेच समजलेला राहे. बोनटवर तळहात ठेवला का इंजिनाची थरथर सांगते. ती चहा ठेवाले घरात गेली का मी तो दुरुस्त करो. चहा देताना तिचा थाट पाहाचा होता, जसं तिनंच इंजिन बांधलं.

मले कान नोको होते. ती समोर उभी पाह्यजे होती.

सोमवारी हॅन्डल मारलं. पह्यल्याच फेऱ्यात लागला. चारही प्लग बराबर मारून राह्यले, हाताले समजलं. सवयीनं समोर पाह्यलं. तिथं कोंबड्या होत्या. बंद केला.

हरभरा कडूबा त्याच्या बैलांवर पेरते म्हणाला. मी प्लग काढले, गंज चढू नये म्हणून सिलिंडरात तेल सोडलं, भोकांत चिंध्या कोंबल्या. घरात आता आवाज नाही, हे बहिऱ्या मले बी कळते. काऊन कळते, ते तूच सांग, तू शिकेल हायेस.

तू मले घ्याले ये. माह्या सदऱ्यांचा गठ्ठा बांधून ठेवला हाय.

लोभ हाय तेवढाच राहू दे. वाढला तं आता मले झेपणार नाही.
तुहा बाप,
पुंजाजी