स्पर्शाला लावलेली शेपटी

३ सप्टेंबर
आले एकदाची स्कॉटलंडात, डंडीत! लेकीला, एल्सपेथला बालवाडी मिळाली, मला प्रयोगशाळा. शेजारच्या टेबलावरची सेन्गा खिमा भरलेली गरम ब्रिडी घेऊन हजर. म्हणाली, खा गं बाई, उपाशी माणसाचे प्रयोग फसतात.
काम झकास आहे. पेशीतल्या प्रथिनाला इवलीशी शेपटी जोडायची. औषध घातलं की पेशी शेपटीवाल्याला हुडकून त्याचा फडशा पाडते, औषध धुतलं की प्रथिन परत येतं. आमचं प्रथिन स्पर्शाचं आहे, ते नसलं की स्पर्श कळत नाही. औषधाची बाटली पाहून मात्र हसूच आलं. माझ्या रक्ताचा कर्करोग दाबून ठेवणारी गोळी त्याच औषधाची! इथे कुणाला सांगितलेलं नाही, कळलं तर टेबलावरून उठवतील.

१२ सप्टेंबर
शेपटी पेशींत वाहून नेणारा विषाणू सुईत भरला आणि टोपण परत लावताना सुई अंगठ्यात घुसली. टोपण लावायचं नसतं, हे पोरासोरांनाही माहीत असतं. सेन्गाने हात धुवायला लावले, शिव्या घातल्या. काही औषधं चालू आहेत का, विचारलं. नाही म्हणाले.

२० सप्टेंबर
अंगठा बधिर. आता मनगटही. आमचे प्रमुख लॅमाँट म्हणाले, हा विषाणू अंगात पसरूच शकत नाही, उगीच घाबरू नकोस.

२९ सप्टेंबर
दर महिन्याला एक आठवडा गोळीला सुट्टी असते, तो हा. आज हाताला जाग आली नि आई गं! तळवा भाजलेला, कधी भाजला देव जाणे. गोळी बंद नि स्पर्श परत, म्हणजे शेपटी माझ्याच अंगात लागलीय. दुखतंय म्हणून आनंदाने रडले. एल्सपेथचे केस विंचरत बसले.

७ ऑक्टोबर
डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळी थांबवली तर आजार उसळेल, म्हणाले. दुसरी औषधं मला लागू पडलेली नाहीत. म्हणजे एल्सपेथ मोठी होताना बघायची असेल, तर बधिर राहून बघायची. सेन्गा चिडली, खोटारडे, मला तरी सांगायचंस. मग रडली. मी गोळी घेतली.

१६ ऑक्टोबर
दोन्ही हात. ओठ. चहा कढत की गार, कळत नाही — डोळे मिटले की हात कुठे आहेत तेही. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२१ ऑक्टोबर
एल्सपेथ म्हणाली, आई, तू माझा हातच धरत नाहीस हल्ली. म्हणून डाव्या हाताने धरलाय. उजव्याने लिहितेय —
सोड म्हणते. अगं, हलकेच तर —
ओरडतेय. बोटं निळी पडली तिची. सोडलाय मी, केव्हाच सोड —