रिकाम्या काडतुसाची शिट्टी

प्रिय मित्रा लाइफ,

रिकाम्या काडतुसाच्या तोंडाला ओठ लावून तू शिट्टी वाजवायचास, ती आज सकाळपासून कानात आहे. सरकारी जंगलात हरणांना बंदुकांकडे पिटाळायला हाकारा घालताना दर वीस पावलांना तुझं आपलं, मी इथं आहे, गोळी घालू नका. आपल्या टोळीचा म्होरक्या कार्ल म्हणायचा, "हा हरणं उठवतोय की वरात काढतोय?"

उद्या हंगामाचा पहिला दिवस. कार्लनं मला पुन्हा ओढ्याकाठचंच ठाणं दिलंय. "तुला पळवत नाही, म्हाताऱ्या. बंदूक घेऊन कविता म्हणत उभा राहा, हरणं ऐकूनच आडवी होतील." माझ्या समोरून हाकारा घालत येणार ती त्याची लेक इंग्रिड. पहिल्यांदाच.

काल ठाणं बघायला गेलो होतो. झुडपात पांढरं हललं. कवितांतून हरणाचे डोळे भेटले होते. पळताना फडकणारं पांढरं शेपूट जंगलानंच शिकवलं. बंदूक खांद्याला कधी लागली, कळलं नाही. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंचे हातमोजे होते ते. त्यांनी हात हलवला, मीही हलवला, आणि बंदूक गवतात ठेवून ओंडक्यावर बसून राहिलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. डॉक्टरखेरीज कुणाला ठाऊक नाही.

जंगलात पांढरा रुमाल न्यायचा नाही, हा आपला पहिला नियम. एकेचाळीस वर्षांपूर्वी तू तो विसरलास. टोपीतलं भोक दाखवून "हवेशीर झाली" म्हणत हसलास, पण पुन्हा कधी शिकारीला आला नाहीस. गोळी कुठल्यातरी परक्या टोळीची, असं सगळ्यांनी ठरवलं. जंगल सगळ्यांचं, त्यामुळे सोपं गेलं.

लाइफ, ती गोळी माझी होती. मी ठाण्यावर शाळेतली कविता मनात म्हणत होतो, तिसऱ्या कडव्याला अडलो होतो. तुझी शिट्टी थांबल्याचं ध्यानातच आलं नाही. तू नाक पुसायला थांबला होतास. पांढरं हललं आणि मी चाप ओढला.

हे आधी तुला सांगितलं, तर डोळ्यांचं कार्लला सांगायचं धैर्य येईल, एवढ्यासाठी हे पत्र. मला इंग्रिडची काळजी वाटते म्हणणं खोटं होईल. मला माझ्या बोटाची भीती वाटते.

तुझाच, इतकी वर्षं गप्प राहिलेला,
अर्ने

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच पायरीवर शिट्टी वाजली. खिडकीतून हाकारा घालणाऱ्याच्या जाकिटाचा नुसता नारिंगी डाग दिसतोय, चेहरा नाही. पण काडतूस असं दुसरं कुणी वाजवत नाही. उद्याच्या हाकाऱ्याला कार्लनं तुलाही बोलावलेलं दिसतंय. दार उघडतो. पत्र तुझ्याच हातात ठेवतो.