सतरा नंबरचा फोटो

मंगळवार, १४ मार्च

प्रिय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार वगैरे सगळं घातलं असं समज. मी मजेत आहे. आईही बरी आहे, गुडघे सोडून. तू कसा आहेस हे विचारून काही उपयोग नाही, कारण तू "हं, ठेवू का?" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. म्हणूनच हे पत्र. पत्राला "ठेवू का" म्हणता येत नाही.

मामा, आपण जिंकलो! आपण म्हणजे तू आणि मी. थांब, नीट सांगते.

आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण वर्षभर एक सॉफ्टवेअर बनवतोय. मोबाइलवर काढलेला फोटो त्यात टाकला की तो जुन्या फिल्मवर काढल्यासारखा दिसतो. हसू नकोस. लोकांना हल्ली सगळं इतकं लख्ख दिसतं की त्यांना त्याचाच कंटाळा आलाय. रंग जरा विटलेले हवेत, सावलीत थोडा रवा, म्हणजे बारीक ठिपके, हवा, आणि कडेला उजेड आत शिरल्याचा डाग हवा. रंग जमले, रवा जमला, पण डाग काही केल्या जमेना. आम्ही गणितं करकरून आणलेला डाग फोटोवर सरबत सांडल्यासारखा दिसायचा. साहेब रोज सकाळी आमच्या टेबलाशी येऊन विचारायचे, "काय, आजही सांडलं का?"

तेव्हा मला मावशीच्या लग्नात तू काढलेले फोटो आठवले. त्या फोटोंचं नाव काढलेलं तुला चालत नाही, माहीत आहे मला. आज मी काढणार आहे. सहा रोल, आणि एकूण एक फोटोत कडेला बोटभर रुंद तांबडा पट्टा, तोही नेमका मावशीच्या बाजूला. तू फेकून दिलेल्या निगेटिव्ह आईने उचलून शिवणाच्या डब्याखाली ठेवल्या होत्या. त्या मी ऑफिसात नेल्या, एकेक स्कॅन केली, आणि तुझा पट्टा अक्षरशः मोजला. अगदी कडेला पिवळा, मग नारिंगी, मग तांबडा, आणि आत जाता जाता पुसट. असा पुसट की कुठे संपला ते कळूच नये! हे गणिताने होत नाही रे.

मग दोनशे लोकांना सगळे नमुने दाखवले. एकशे सत्तर जणांनी तुझा पट्टा निवडला. एका बाईने लिहिलं, "हा फोटो माझ्या घरच्याच कोणीतरी काढलाय असं वाटतं." मी ते मोठ्याने वाचलं आणि आमची डिझायनर चक्क खुर्चीवर उभी राहून ओरडली. साहेबांनी सगळ्यांना दोन दोन वेळा कॉफी पाजली. मी तर दिवसभर जमिनीवर नव्हतेच.

येत्या सोमवारी सॉफ्टवेअर बाहेर पडतंय. त्या पट्ट्याला नाव हवं होतं. मी म्हटलं, "मामा." सगळ्यांना आवडलं. फक्त साहेबांनी विचारलं, "मामांना विचारलंस का?"

तर मामा, विचारते आहे. बाकीचं उद्या लिहिते.

बुधवार, जेवणाची सुट्टी

काल लिहिलेलं आत्ता वाचलं. उड्या पुष्कळ मारल्यात, पण सांगायचं ते शिताफीने टाळलंय. आता सांगून टाकते.

तो पट्टा तुझ्या हातून आला नाही. माझ्यामुळे आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तू टेबलावर कॅमेरा पुसत बसला होतास. कोणीतरी हाक मारली म्हणून तू तो तसाच उघडा ठेवून गेलास. मागच्या झाकणाच्या खाचेत एक काळी, मखमलीसारखी पट्टी होती. मी नखाने टोक उचलून बघितलं आणि ती सरळ निघून हातात आली. मी नऊ वर्षांची होते. उजेड आत येऊ नये म्हणून ती असते, हे मला काय ठाऊक! मला माझ्या बाहुलीसाठी रिबन हवी होती, ती मिळाली.

फोटो आले तेव्हा मावशी रडरड रडली. आजोबा सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालास, "माझं चुकलं. कॅमेरा तपासायला हवा होता." त्यानंतर तू कॅमेरा ट्रंकेत ठेवलास, चष्म्याच्या दुकानात नोकरी धरलीस, आणि मावशीच्या घरी आजतागायत गेला नाहीस. भावंडं तुला "पट्टेवाला मामा" म्हणायची तेव्हा मीही हसायचे. मला फार लाज वाटते त्याची.

मी घाबरून गप्प बसले, आणि पुढे गप्प बसायची सवय झाली. खरं कोणालाच माहीत नाही असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात तिसरा रोल स्कॅन करताना सतरा नंबरचा फोटो मी पडदाभर मोठा केला. खुर्चीत मी बसले आहे, मांडीवर बाहुली आहे, आणि तिच्या डोक्यावर काळी रिबन. स्वच्छ दिसतेय. हा फोटो अल्बममध्ये नव्हता. मी त्या रोलचं पाकीट उलटून पाहिलं. दुकानदारासाठी तुझ्या अक्षरात नंबरांची यादी होती, आणि तिच्याखाली लाल पेन्सिलीने लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं, "१७ छापायचा नाही."

तुला माहीत होतं. चोवीस वर्षं माहीत होतं! एका शब्दाने सुटला असतास की रे तू.

आज सकाळी सतरा नंबर छापून मी मावशीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. मग माझ्यावर उखडली.

"गाढवे, इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? मी माझ्या भावाला साधं बोलावलं नाही गं कधी!"

मी म्हटलं, "आता बोलाव."

ती डोळे पुसत म्हणाली, "रविवारी ये म्हणावं. कॅमेरा घेऊन ये. लग्नातले कपडे आता अंगात शिरायचे नाहीत म्हणावं, पण तोंड तेच आहे."

तेव्हा मामा, रविवारी सकाळी दहा वाजता मी तुला घ्यायला येते. आई सांगते की ट्रंकेतला कॅमेरा तू अजून दर महिन्याला पुसतोस, तेव्हा बहाणा करू नकोस. सोबत एक कोरा रोल पाठवते आहे. "मामा" हे नाव ठेवायचं की नाही ते तिथेच सांग. नाही म्हणालास तर त्याच दिवशी काढून टाकीन.

सतरा नंबरही पाठवते आहे. तो आता छापलाय. आणि कागदाच्या घडीत बघ, एक काळी पट्टी आहे. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडून तुझ्या झाकणाच्या मापाने कापून आणली. तुझ्या हाताने चिकटव.

उशिरा का होईना, घेतलेलं परत करणारी,
तुझी भाची