ब्लँकचं पाणी

५ जानेवारी
सुटलं एकदाचं वैजापूर! आजपासून मी वाळूजच्या पाणी तपासणी लॅबमध्ये केमिस्ट. खोली लॅबमागच्याच वस्तीत, सरूबाईंकडे. त्यांची सून मोनिका चार महिन्यांची पोटुशी आहे, तरी पहिल्याच भेटीत मला डबा देऊ केला. लॅबचे शिपाई सांडूमामा भारी मायाळू. चहासुद्धा मशीनसाठीच्या शुद्ध पाण्याच्या कॅनमधून करतात. म्हणाले, ताई, असं पाणी कलेक्टरला बी मिळत नाय. आई म्हणते, नव्याचे नऊ दिवस. बघू.

१२ जानेवारी
काम आवडलं. आधी कॅनमधलं शुद्ध पाणी मशीनला द्यायचं, त्याला ब्लँक म्हणतात. त्याचा आकडा प्रत्येक नमुन्यातून वजा करायचा. उरेल ते खरं आर्सेनिक, म्हणजे पाण्यातलं विष. आमच्या ब्लँकचा आकडा जरा जास्तच येतो. लॅबचे प्रमुख साहेबराव सर, त्यांना विचारलं, तर मशीन म्हातारं झालंय, वजा कर आणि पुढं चल, म्हणाले. केलं.

२० फेब्रुवारी
सरूबाईंच्या बोअरचं पाणी तपासलं. आर्सेनिक आढळलं नाही. दाखल्यावर सही केली. मोनिका माझ्यासमोरच तांब्याभर प्यायली. आजपासून विकतचा जार बंद. मला फार बरं वाटलं.

१४ मार्च
तळपायांना मुंग्या येतात. बोटंही जड. दिवसभर उभं राहायचं, दुसरं काय! सांडूमामा उकळतं पातेलं फडक्याशिवाय उचलतात. कौतुक केलं तर हसून म्हणाले, हाताला आता काय कळतच नाय.

२ एप्रिल
मोनिका भिंत धरून चालते. पाऊल कुठं पडतं ते कळत नाही म्हणे. सरूबाई म्हणतात, सातव्यात व्हतंच तसं. मी माझे तळपाय चिमटून पाहिले.

३ एप्रिल
सांडूमामांना कॅन भरताना पाहिलं. लॅबमागच्या बोअरवर. शुद्धीकरणाचं यंत्र दोन वर्षं बंद आहे. सरांची शिस्त एकच, नऊच्या आत कॅन भरलेला पाहिजे. मामांनी ती पाळली. कुठून भरता, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.
बोअरमधून बोअर वजा. शून्य येणारच. माझ्या मुंग्या, मामांचे हात, मोनिकाची पावलं, सगळं आर्सेनिकच.
भीती वाटायला हवी. वाटत नाही. सगळं बधिर आहे.

४ एप्रिल
शहरातून सीलबंद शुद्ध पाणी आणून ब्लँक लावला. सरूबाईंचं पाणी मर्यादेच्या चाळीस पट. सर म्हणाले, सोमवारी बघू, बाहेर बोलू नकोस. त्याच कॅनचा चहा पीत होते —

५ एप्रिल
सरूबाईंना सांगितलं. ऐकेनात. दाखला फ्रेम करून लावलाय, माझ्या सहीचा. मशीनपरीस शहाणी का तू, म्हणाल्या. मोनिका हंडा भरत होती. मी तो हिसकावला. निसटला. हातात होता की नव्हता, तेच —

६ एप्रिल
बाळ कालपासून हललं नाही. १०८ला फोन केलाय. गाडी येतेय. मोनिकानं माझा डावा हात पोटावर धरून ठेवलाय. उजव्यानं लिहितेय. ती सारखी विचारते, हललं का, आता हललं का.
दाबून बघतेय. काहीच लागत नाही. बाळ हलत नाही, की माझ्या हाताला —
परत विचारतेय. काय सांगू तिला, मला खरंच कळत ना